गर्दीला लाजणारी सायकल

माणसं बघून लाजणारी सायकल तुम्ही कधी पाहिली आहे का? सोनटेकच्या रणधवलराजांकडे तशी एक होती. बॅटरीवर चालणारी, हिरवीगार, पुढे संस्थानचं निशाण लावलेली. राजवाड्याच्या अंगणात ती वाऱ्यासारखी पळे. पण रोज सकाळी महाराज टेकडीवरच्या देवीला निघाले, की पेठेत शिरताच तिचा जोर जाई आणि ती थांबे! शिंपी आळीत पुन्हा थांबे. देवळाच्या चढावर तर थांबेच थांबे!

बरं, महाराज पायडल मारायचे नाहीत. "पायच मारायचे, तर मग बॅटरी कशाला?" असं त्यांचं म्हणणं. मग दोन शिपाई मागून ढकलत. राजा सायकलवर आणि शिपाई घामाघूम!

दिवाणजींनी सायकलीची दृष्ट काढली. पुढे लिंबू-मिरची बांधली. शहरातून नवी बॅटरी मागवली. पण सायकल थांबायची ती थांबतच राहिली. शेवटी सगळं खापर फुटलं पागेवाल्या तुळाजीवर, कारण घोड्यांबरोबर सायकलीचं चार्जिंगही त्याच्याकडेच होतं.

"तू बॅटरी पुरती भरत नाहीस!" महाराज कडाडले. "उद्या संध्याकाळपर्यंत सायकल सुधारली नाही, तर पाग सोडून चालता हो!"

पागेतली घोडी तुळाजीने शिंगरं असल्यापासून वाढवलेली. ती सोडून तो जाणार कुठे? तेवढ्यात त्याची मुलगी सगुणा पुढे झाली.

"महाराज, मी सुधारते सायकल."

"तू?" महाराजांनी मिशीवर ताव दिला. "मग ऐक! एकही स्क्रू उघडायचा नाही, दुकानदाराची गॅरंटी जाते. सायकलीला बोटसुद्धा लावायचं नाही. आणि दोष कोणाचा, ते भर चौकात सांगायचं!"

"आणि दोष महाराजांचाच निघाला तर?"

दिवाणजींनी जीभ चावली. "राजा चुकत नसतो, पोरी! असलं काही बोललीस, तर बाप-लेक दोघंही वेशीबाहेर!"

"चालेल," सगुणा म्हणाली.

चालेल कसलं! तुळाजीने कपाळावर हात मारून घेतला.

सगुणा थेट सायकल ढकलणाऱ्या शिपायाकडे गेली. "दादा, सायकल थांबते तेव्हा बॅटरीचे दिवे किती लागलेले असतात?"

"सगळे!"

"म्हणजे आबा पुरती भरतात. मध्ये माळ लागतो, तिथे थांबते का?"

"छे! तिथे काळं कुत्रंही नसतं. तिथे अशी सुटते, की आम्हीच मागे राहतो!"

"आणि पेठेत थांबते तेव्हा महाराज काय करत असतात?"

शिपाई दचकला. "ते मला काय ठाऊक? लोक मुजरा करतात, आम्हीही मान खाली घालतो."

"मग बघतं कोण?"

"कोणीच नाही! मुजऱ्याच्या वेळी महाराजांकडे टक लावून बघायची रीत आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा डोक्यावर गवताचा भारा घेऊन पेठेत उभी राहिली. महाराज आले. सगळी पेठ वाकली. सगुणा कशी वाकणार? भारा पडला असता! तिने ताठ उभं राहून सगळं डोळे भरून पाहिलं, आणि तिला हसू आवरेना.

दुपारभर ती दारोदार फिरली. "सायकल सुधारली का ते बघायला संध्याकाळी महाराज पुन्हा येतील. डोक्यावर काहीतरी घ्या आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहा."

"अगं, आणि मुजरा?"

"आजच्या दिवस राहू द्या, काकू. आबांची पाग वाचेल."

तुळाजीचं नाव निघताच कोणी नाही म्हणालं नाही. संध्याकाळी पेठेत बघावं तर काय! कोणाच्या डोक्यावर घागर, कोणाच्या डोक्यावर पाटी. शिंप्याने शिलाई मशीनच उचललेलं! दिवाणजी गंमत बघायला आले, तर भाजीवालीने त्यांच्याही डोक्यावर फणस ठेवला.

"आज काय गाव उठून चाललंय?" महाराज पुटपुटले. पण सायकल थांबली नाही! पेठ गेली, शिंपी आळी गेली, चढसुद्धा एका दमात सर झाला. शिपाई मागून ओरडत होते, "महाराज, जरा हळू!"

महाराज हसतमुखाने चौकात परतले आणि मग त्यांना आठवण झाली.

"सायकल सुधारली खरी, पण मुजरा एकानेही केला नाही! सगुणे, बोल, दोष कोणाचा?"

दिवाणजींच्या डोक्यावरचा फणस लटपटला.

"महाराज, सायकल पळते कशाने?"

"उजवी मूठ पिळली की पळते."

"आणि मुजरा कोणत्या हाताने घेता?"

महाराजांचा उजवा हात सवयीने कपाळाकडे निघाला... आणि अर्ध्यावरच थांबला. लहानपणापासूनची सवय! समोर कोणी वाकलं, की हात आपोआप वर जायचा. एक मुजरा घेऊन होतोय तोच दुसरा!

"म्हणजे मूठ मीच सोडतो?"

"महाराज चुकत नसतात!" दिवाणजी फणसाखालून ओरडले.

"नसतातच," सगुणा म्हणाली. "तो हात मुळात प्रजेचा, महाराज! सायकलीला नुसता उसना दिलेला. प्रजा दिसली, की धन्याकडे परत जातो. आता यात दोष कोणाचा म्हणू?"

महाराज असे खदखदून हसले, की सायकल स्टँडवरून घसरली!

"तुळाजी, पाग तुझीच! आणि सगुणे, तुला अशीच एक बॅटरीची सायकल देतो!"

"त्यापेक्षा पागेतली एक घोडी द्या, महाराज. तिला चार्जिंग लागत नाही."

महाराज पुन्हा हसले आणि घोडी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पेठेने वाकून मुजरा केला. महाराजांनी उजवी मूठ न सोडता डाव्या अंगठ्याने घंटी वाजवून तो घेतला आणि सायकल न थांबता टेकडीवर पोचली.