आमराईपलीकडचे घर

एका गावात जिवाजीशेठ नावाचा सुताचा व्यापारी राहत होता. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला जे आवडते ते घरच्यांनाही आवडतेच, असे त्याला मनापासून वाटे. त्याचे घर तांबट आळीत होते. सकाळी हातोड्यांची ठोकाठोक सुरू होई, ती दिवेलागणीला थांबे. समोर हंडे, शेजारी घंगाळी, कोपऱ्यावर पराती. जेवून दुपारी आडवा व्हायचा तर जिवाजीशेठ कानात कापसाचे बोळे घाली आणि तरीही कूस बदलत पडून राही.

घरात त्याची बायको गिरिजा आणि म्हातारे वडील होते. वडिलांना सगळे तात्या म्हणत. त्यांची दृष्टी पार गेली होती, तरी दिवसभर ते घरात सापडत नसत. काठी टेकत देवळात जात, न्हाव्याच्या ओट्यावर गप्पा मारत बसत, येताना कोथिंबिरीची जुडीही आणत. म्हाताऱ्याला वाटा कशा सापडतात, याचा जिवाजीशेठने कधी विचार केला नव्हता.

एकदा त्याने आमराईपलीकडचे एक घर पाहिले आणि त्याचे भानच हरपले. गावापासून दोन कोस लांब, भोवती झाडे, आणि पानाचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. तिथे पायी कोणी जात नसे. ज्याची घोडागाडी असेल त्यानेच तिकडे राहावे. जिवाजीशेठची गाडी होती, पण गाडी एकच आणि हाकणाराही तो एकटाच.

त्या गावात एक रीत होती. घराचा इसार देण्याआधी घेणाऱ्याने चार दिवस तिथे बिऱ्हाड ठेवून पाहायचे. मग घरातल्या सर्वांत वडील माणसाने पंचांसमोर उंबऱ्यात उभे राहून ‘राहू’ म्हणायचे. त्याशिवाय सौदा होत नसे.

जिवाजीशेठने बिऱ्हाड हलवले. पहिल्याच रात्री त्याला अशी गाढ झोप लागली की सकाळी गिरिजाला त्याला हलवून उठवावे लागले. तो रोज गाडी जोडून दुकानी जाई आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घराचे वर्णन ऐकवी. इसार देण्याआधीच पेढे वाटून मोकळा झाला. इकडे मीठ संपले की गिरिजा गाडीची वाट पाहत बसे. तात्या ओसरीवर बसून असत. कसे वाटते म्हणून जिवाजीशेठने एकदा त्यांना विचारले. "छान आहे की. तुला झोप लागते ना?" तात्या म्हणाले. जिवाजीशेठने तो होकार समजला.

पंच यायच्या आदल्या दिवशी तो दुपारीच परतला. घराजवळ येतो तो काय, आतून ठण् ठण् असा आवाज. इथेही हेच, म्हणून तो चिडला. गाडी झाडाखाली सोडून तरातरा फाटकात आला आणि तिथेच थांबला.

विहिरीपाशी गिरिजा पालथा हंडा पळीने वाजवत होती. तात्या काठीने जमीन चाचपत त्या आवाजाच्या रोखाने चालले होते. ते जवळ पोचले, की ती हंडा उचलून पारिजातकापाशी जाई आणि तिथून वाजवू लागे. मग तात्या तिकडे वळत. त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

थोड्या वेळाने गिरिजा सरपण आणायला मागे गेली, तेव्हा जिवाजीशेठने तिला हळूच गाठून विचारले.

"गावात परातींचा आवाज आला की त्यांना देऊळ कळायचं, हंड्यांचा आला की घर," ती म्हणाली. "इथं कानांनी धरावं असं काहीच नाही. काल फाटकाबाहेर गेले आणि परत कुठं वळायचं तेच कळेना. ठेच लागून बसले होते."

आपल्याला का सांगितले नाही, असे त्याने विचारले.

"त्यांनी शपथ घातली. म्हणाले, पोराला झोप लागतेय."

जिवाजीशेठ त्या दुपारी वडिलांसमोर गेलाच नाही. गाडीत जाऊन बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी पंच आले. तात्या उंबऱ्यात उभे राहिले आणि खणखणीत आवाजात "राहू" म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. इसार काढायला जिवाजीशेठचा हात कमरेच्या पैशांच्या पिशवीकडे गेला. पेढे वाटून झाले होते, आता माघार घेतली तर गाव हसणार होते. शिवाय म्हाताऱ्याने आपल्या तोंडाने हो म्हटले, मग आपला काय दोष, असेही त्याच्या मनात येऊन गेले. त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की हात तिथेच थांबला.

"हा शब्द धरू नका," तो पंचांना म्हणाला. "तात्या मला नाही म्हणणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी निर्धास्त होतो."

घरमालक रागावला. पेढे मात्र गोड होते, असे एक पंच म्हणाला आणि बाकीचे हसले. जिवाजीशेठने मान खाली घालून ऐकून घेतले आणि गावाकडे परतायला गाडी जोडली.

वाटेत तात्या म्हणाले, "जिवा, मला वाटलं होतं, मी पेठेत ठेचकाळत फिरतो, लोक बघतात, त्याची तुला लाज वाटत असेल. म्हणून लांब नेतोयस. म्हणून राहू म्हटलं."

तसे मुळीच नाही, असे सांगायला जिवाजीशेठने तोंड उघडले. पण दुकानावरून वडील चाचपडत जाताना दिसले, की आपण कितीदा तरी पाठ वळवून गिऱ्हाइकाला सूत दाखवू लागलो, ते त्याला आठवले. बापाला दिसत नव्हते, तरी त्याच्यासमोर त्याला मान वर करवेना.

तात्पर्य: जागा निवडताना, आपल्यावाचून ज्याला तिथून बाहेर पडता येणार नाही त्याला आधी विचारावे, आणि जो आपल्याला नाही म्हणू शकत नाही, त्याचा होकार मिळाला म्हणून निश्चिंत होऊ नये.