फिरतीचा लॅपटॉप

सातपुड्यातल्या पाड्यांवर पायी फिरून गुरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर शाल्मली गावितनं फिरतीसाठी संस्थेच्या खर्चानं लॅपटॉप घेतला. दुकानातला सगळ्यांत लहान, हलका आणि स्वस्त. तिथेच बिनसलं. संचालक धुरंधरसाहेबांनी तिला भर बैठकीत उभं केलं. एका शब्दावरून माणसाला घरी बसवणारा हा गृहस्थ. मागच्याच बैठकीत एका डॉक्टरची नोकरी अशीच गेली होती.

"हे खेळणं घेऊन तुम्ही संस्थेचं नाव सांगत फिरणार?" साहेब गरजले. "माझ्या टेबलावरच्यासारखा मोठा, भारी का नाही घेतला? पटेल असं उत्तर द्या, नाहीतर राजीनामा द्या."

नजर चुकवायला शाल्मलीनं वर पाहिलं, तर साहेबांच्या मागच्या भिंतीवर शिसवी लाकडाचं भलंमोठं घड्याळ.

"साहेब, हे घड्याळ फार किमती असेल ना?" तिनं विचारलं.

"अर्थातच! खास बनवून घेतलंय."

"मग मनगटावर तुम्ही हे छोटं, साधं का बांधता?"

"अहो, मग काय भिंतीवरचं गळ्यात अडकवून फिरू?" साहेब उसळले, आणि आपण काय बोललो ते कळून तिथेच थांबले.

"माझंही उत्तर तेच आहे, साहेब."

कुणीतरी हसू दाबलं. साहेबांनी बाही मनगटावर ओढली.

"बसा," ते एवढंच म्हणाले.

शाल्मली मटकन बसली.