ठरावीक काम नाही

सर्व काही करून जो नामानिराळा राहतो, त्या जगन्नियंत्याच्या चरणी आधी माथा ठेवतो. मग ही कथा.

“माझे चुकले कुठे, महाराज? त्याने जे सांगितले, तेच मी लिहिले.”

विश्वंभरबुवांनी मान वर केली नाही. नदीकाठच्या मठात, सभामंडपाच्या खांबाला टेकून ते तुळशीचे मणी दोऱ्यात ओवीत होते.

समोर निरंजन बसला होता. पंधरा वर्षांपूर्वी बुवांचा अनुग्रह घेतलेला शिष्य. शहरातल्या मोठ्या कारखान्यात मनुष्यबळ विभागाचा प्रमुख. मठाच्या धर्मार्थ रुग्णालयात कोणी कोणते काम करायचे, ते एकदा लिहून काढावे असे विश्वस्तांनी ठरवले, तेव्हा ती सेवा त्याने आपण होऊन मागून घेतली होती.

“किती कागद झाले?”

“एकतीस. माणसागणिक एक. सगळे मी एकट्याने केले, महाराज.”

“आमच्या पोथीलाही एवढी पाने नाहीत.”

निरंजन हसला. बुवा हसले नाहीत.

“म्हाळबाचा वाच.”

निरंजनने कागद काढला.

“नाव म्हाळबा. पद, सेवेकरी. रोज काय काम करता, या प्रश्नाचे उत्तर...” तो अडखळला.

“वाच.”

“‘म्या कसलं करतुया? करून घेणारा त्यो.’”

“त्याखाली तू काय लिहिलेस?”

“ठरावीक काम नाही.”

त्या ओळीखाली म्हाळबाचा अंगठा होता. त्याला वाचता येत नव्हते. कामाला पावित्र्य यावे म्हणून निरंजनने सर्वांच्या सह्या आणि अंगठे देवासमोर घेतले होते.

त्या एका ओळीवरून विश्वस्तांनी जागा रद्द केली. चोवीस वर्षे राबलेला सेवेकरी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोके ठेवून नदीपलीकडच्या आपल्या वाडीला निघून गेला.

त्याला वीस दिवस झाले होते. आणि आज सकाळी खिडकीजवळच्या खाटेवरचे पाटणकर मास्तर वारले. अर्धांगाने वर्षभर पडून होते. या वीस दिवसांत त्यांच्या पाठीला जखमा झाल्या, आणि त्या चिघळत गेल्या.

“मास्तरांची कूस कोण बदलत असे?” बुवांनी विचारले.

“म्हाळबा. दर दोन तासांनी. हे मला आज कळले.”

“परिचारिकेच्या कागदात काय आहे?”

“औषधे, ताप, नोंदी.”

“झाडणाऱ्याच्या?”

“खाटेखालची फरशी.”

“आणि खाटेवरचा माणूस?”

“प्रत्येकाला वाटले, महाराज, की ते दुसऱ्याच्या कागदात असेल.”

बुवांनी आणखी एक मणी ओवला.

“म्हाळबाला निरोप धाडलास?”

“मी स्वतः गेलो होतो, दुपारी. नवा कागद करून नेला. नऊ कामे लिहिली त्यात. त्याने हातसुद्धा लावला नाही.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, ‘सायेब, काम न्हाई म्हून देवाम्होरं अंगठा दिलाय म्या. आता काम हाय म्हनलं, तर त्येच्याम्होरं खोटा पडंन.’ मग मी विचारले, मास्तरांसारखा जड देह तू एकटा कसा उचलत होतास? तर माझ्याकडेच बघत राहिला. म्हणाला, ‘एकला कवा हुतो?’”

मणी ओवणारा हात थांबला.

“कोरा कागद आहे तुझ्याजवळ?”

“आहे.”

“माझा राहिला आहे. नाव घाल. पद... घाल काहीतरी. आता विचार.”

“आपला कशाला, महाराज...”

“विचार.”

निरंजनने नाव घातले. “आपण रोज काय काम करता?”

बुवांनी गाभाऱ्याकडे पाहिले.

“मी काही करत नाही. तो करून घेतो.”

पेन कागदावर टेकले आणि तिथेच राहिले.

“लिही. उत्तर मिळाले ना तुला?”

“असे कसे लिहू, महाराज? आपण हे नम्रपणे म्हणता. त्याचा अर्थ...”

“म्हाळबाच्या वेळी हात थांबला होता?”

घाटाच्या बाजूने मास्तरांच्या चितेचा धूर पाण्यावर उतरत होता.

बुवांनी निरंजनजवळची शाईची डबी ओढून घेतली. अंगठा बुडवला आणि कागदाच्या तळाशी उमटवला.

“आता वर लिही. त्याच्यासाठी लिहिलेस, तेच शब्द.”

निरंजनने लिहिले. अक्षर वाकडे आले.

बुवा खांबाला धरून उठले. ऐंशी वर्षांचे गुडघे. उभे राहायला वेळ लागला. त्यांनी उपरणे कमरेला आवळून बांधले आणि ते रुग्णालयाकडे चालू लागले. तिथे कोपऱ्यातल्या खाटेवर अर्धांगाचा दुसरा रुग्ण, सकाळीच दाखल झालेला गावचा म्हातारा तांबट, तेव्हापासून एकाच कुशीवर पडून होता.

“महाराज, आपण कुठे निघालात?”

“मला आता ठरावीक काम नाही.”

पायरीवर ते थांबले. मागे वळून न पाहताच म्हणाले,

“ते कागद खाली ठेव, निरंजन. कूस बदलायला दोघे लागतात.”

ही कथा ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी, अंथरुणाला खिळलेल्याच्या उशाशी कोणीतरी असो. आणि त्या हातांना तो दयाघन कधी एकटे न सोडो.