वेणू आणि मातीची परी

टेकडीवरच्या विद्यापीठात, वसतिगृहाच्या भोजनगृहामागे एक इवलीशी खोली होती. तिथे चिमुकली वेणू आईबरोबर राहायची. आई दिवसभर ढीगभर भांडी घासायची. तिचे हात सोलवटून निघायचे. वेणूचा फ्रॉक विटका, पाय अनवाणी. पण मन कसं लखलखीत!

खोलीसमोर विद्यार्थ्यांची बाग होती. औषधं न फवारता भाजी पिकवायला अनघाबाई त्यांना शिकवत. पण माती दगडासारखी! मेथी पिवळी पडली, वांगी सुकली.

"आठवड्यात हिरवं काही दिसलं नाही, तर विद्यापीठ ही बाग मोडून इथे गाड्या उभ्या करायला जागा करणार," अनघाबाई म्हणाल्या. बागेत राबणारी विद्यार्थिनी शाल्मलीताई तर रडूच लागली.

तेवढ्यात वेणूला तापल्या फरशीवर एक गांडूळ तडफडताना दिसलं. तिने ते अलगद उचलून ओल्या पाचोळ्यात ठेवलं. आणि काय नवल! अळूच्या पानावरचा थेंब चमचम चमकला. त्यातून बोटाएवढी परी उतरली. पोपटी पंख, जांभळा झगा, केसांत मोहरीची पिवळी फुलं!

"माझ्या लेकराला वाचवलंस," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण जे मिळेल ते इतरांना शिकवायचं हं! स्वतःपाशीच ठेवलंस, तर सातव्या दिवशी विरून जाईल."

वेणूला आईचे हात आठवले. नवा फ्रॉकही आठवला. मग तिने शाल्मलीताईकडे पाहिलं.

"मला मातीचं बोलणं कळू दे," ती म्हणाली.

लगेच पायाखालून कुजबुज आली, "भूक लागलीय गं! भिंतीपलीकडचा काळाभोर कुजका पाचोळा दे. वरून गवताचं पांघरूण घाल."

वेणू धावली. "ताई, माती उपाशी आहे!"

एक उंच दादा हसला. "तू शिकवणार आम्हाला?"

"हो," वेणू ठामपणे म्हणाली. "आधी घमेली आणा!"

सगळे कामाला लागले. मुठीत माती कशी धरायची, पाणी किती शिंपडायचं, वेणूने एकेकाला दाखवलं. मग सगळ्यांनी वाफ्यात मोहरी पेरली. सहाव्या दिवशी मोहरीचे नाजूक, हिरवेगार कोंब वर आले!

"बाग राहणार!" अनघाबाई आनंदाने म्हणाल्या. वेणूच्या आईला त्यांनी बागेची प्रमुख नेमलं आणि वेणूचं नाव शाळेत घातलं.

सातव्या सकाळी शाल्मलीताईने वाफ्याला कान लावला. तिचे डोळे विस्फारले.

"वेणू! मलासुद्धा ऐकू येतंय गं!"

परी खुदकन हसली, गिरकी घेतली आणि सोनेरी उजेड होऊन साऱ्या बागेवर पसरली.