वसंतरावांचं बोट

बेदाण्याच्या मुलखात, एका गावाबाहेर, एक भलंमोठं शीतगृह होतं. साऱ्या पंचक्रोशीचा बेदाणा तिथल्या खोल्यांत गारठून पडलेला असायचा. खोल्या थंड ठेवायला अमोनिया लागे, आणि अमोनिया म्हणजे काही गुलाबपाणी नव्हे. नळातून गपगुमान वाहतोय तोवर आपला. बाहेर आला की डोळे जाळतो, आणि छातीत शिरला तर माणूस हातचा जातो. म्हणून कोणतं यंत्र कसं बंद करायचं, कोणतं चाक आधी फिरवायचं, हे सगळं तिथे संगणकावर लिहून ठेवलेलं असे. त्याला सगळे विकी म्हणत. काम करणाऱ्याने मोबाईलवर विकीचं पान उघडायचं आणि एकेक ओळ वाचत काम करायचं, अशी तिथली शिस्त. पान म्हणेल तसं करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

ही पानं लिहायचं काम मंदाकिनी शिरोटे हिच्याकडे होतं. सगळे तिला मंदाताई म्हणत. बाई कामाला पक्की. पण एक खोड होती. ‘मला हे येत नाही’ हे चार शब्द तिच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. जीभ झडली असती, पण ते बाहेर आले नसते.

पान वाचून काम करायची शिस्त घालून दिली होती वसंतराव खराडे यांनी. ते यंत्रघराचे प्रमुख. त्यांची एक तऱ्हा होती. कुणाची चूक दिसली की ते ओरडत नसत, सांगतही नसत. चुकीच्या शेजारी बोट ठेवायचे आणि गप्प उभे राहायचे. ज्याची चूक त्याला ती दिसेपर्यंत बोट हलायचं नाही. यंत्रघरातली सगळी माणसं त्या बोटाच्या धाकात तयार झाली होती. वसंतरावांचं बोट दिसलं की हातातलं काम थांबवायचं आणि पुन्हा बघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. मंदाताईला मात्र त्या बोटाचा भारी राग.

मागच्या उन्हाळ्यात वसंतराव झोपेतच गेले. मंदाताई रडली, अगदी मनापासून रडली. पण चला, आता ते बोट तरी नाही, असंही तिच्या मनात येऊन गेलंच. माणसाचं मन, त्याला काय म्हणणार!

दिवाळीनंतर विकीचं रूप बदललं. पूर्वी लिहायला बसलं की वर बटणांची करडी पट्टी असे आणि खाली ‘जतन करा’ असं ठसठशीत बटण. ते दाबेपर्यंत आतलं काही बाहेर कुणाला दिसत नसे. मंदाताईची सारी भिस्त त्या बटणावर. ती पानावर वाटेल ते खरडून ठेवायची, एकावर एक मजकूर चिकटवायची, मध्येच चहाला जायची, येऊन सगळं निस्तरायची आणि मग दिमाखात बटण दाबायची. आतला पसारा कुणाच्या बापाला कळत नसे.

आता पट्टी गेली, बटणंही गेली. नुसतं पांढरंफटक पान. एखादा शब्द निवडला की त्याच्याभोवती बारीक चिन्हं उगवायची, आणि सोडला की विरून जायची. ‘जतन करा’ तर कुठेच नव्हतं. त्या पांढऱ्या पानासमोर बसलं की मंदाताईला वाटे, आपण पानाकडे बघत नाही, पान आपल्याकडे बघतंय.

हे नवं प्रकरण शिकवायला कंपनीने एक प्रशिक्षक बोलावला होता. मंदाताईने हजेरीची सही ठोकली आणि ती आपल्या खुर्चीत परत आली. इतकी वर्षं लिहितेय, मला हा काय शिकवणार, असं तिचं म्हणणं. त्यामुळे त्याने अगदी सुरुवातीला सांगितलेली गोष्ट तिच्या कानावर पडलीच नाही. नव्या पानावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर त्याच क्षणी सगळ्यांना दिसतं, हीच ती गोष्ट. मंदाताईने आपल्या मनानेच ठरवून टाकलं की पान मिटलं म्हणजे ते जतन होत असणार. विचारायचं कुणाला? विचारायचं म्हणजे ते चार शब्द आले.

आणि मग एका दुपारी ते पहिल्यांदा दिसलं.

ती एक ओळ अर्धी सोडून फोनवर बोलत होती. सहज पडद्याकडे नजर गेली. अर्ध्या ओळीच्या शेजारी एक हिरवी उभी रेघ लुकलुकत होती. तिच्या डोक्यावर नावाची इवलीशी पाटी होती: वसंतराव खराडे.

मंदाताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने घाईघाईने ओळ पुरी केली. रेघ विझली.

तिने व्यवस्थापक निकमसाहेबांना सांगितलं. ते हसले. नव्या विकीत पानावर कोण कोण आलंय ते असं रंगीत रेघेने दिसतं, ते म्हणाले, खराडेंचं खातं बंद करायचं राहिलं असेल. त्यांनी तिच्यादेखत ते खातं काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा आली. कुणीतरी त्यांच्या जुन्या संगणकावर बसत असेल म्हणून मंदाताई त्यांच्या खोलीत जाऊन आली. संगणक कधीच भंगारात गेला होता. टेबलावर त्याच्या पायांचे डाग तेवढे उरले होते.

रेघ रोज येऊ लागली. कधीच काही लिहीत नसे, खोडत नसे. जिथे मंदाताईने काही अर्धवट टाकलं असेल, नेमकी तिथेच येऊन उभी राही. हे तिला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण तिने मनाची समजूत घातली की मेल्यावरही हा माणूस मला टोचतोय. मग ती पडदा दुसरीकडे वळवून चहाला जाऊ लागली.

एकदा नव्या खोलीच्या पानावरचा तक्ता विस्कटला. नव्या रूपात तो धड बसत नव्हता. जुन्या खोलीच्या पानावरचा तक्ता मात्र ठीक दिसत होता. मंदाताईने तोच उचलून नव्या खोलीच्या पानावर डकवला. साचा तर मिळाला, आता चाकांचे रंग तेवढे बदलायचे. जुन्या खोलीत आधी पिवळं चाक बंद करून मग लाल उघडायचं असे. नव्या खोलीत बरोबर उलटं: आधी लाल घट्ट बंद करून मग पिवळं उघडायचं. तिथलं लाल चाक अवेळी उघडणं म्हणजे थेट मरणाला दार उघडणं. मंदाताईला हे पाठ होतं. आल्यावर बदलू म्हणून ती उठली. जाताना हिरवी रेघ आलेली तिला दिसली. तिने तिच्याकडे पाठ केली.

चहा झाला. परत येऊन तिने दोन शब्द इकडचे तिकडे केले आणि पान मिटलं. तेवढ्यात धोक्याचा भोंगा वाजला.

नव्या खोलीच्या यंत्रावर इलाही मुजावर होता. वसंतरावांच्या हाताखाली तयार झालेला, शब्दाबाहेर न जाणारा गडी. त्याने लाल चाक जरासं फिरवून लगेच परत आवळलं होतं. तेवढ्यानेही अमोनियाचा लोट आला. माणसं बाहेर पळाली. इलाहीचे डोळे सुजले, घसा बसला. जीव वाचला, एवढंच.

चौकशी झाली. इलाही बसक्या आवाजात एकच सांगत राहिला, की पानावर लाल उघडा असंच होतं. पान उघडून पाहिलं तर सगळं बरोबर. पानावर आधी काय होतं त्याच्या नोंदी कुठे बघायच्या हे त्या नव्या सजावटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. निकमसाहेब म्हणाले, याने स्वतःचं डोकं चालवलं आणि वर खोटं बोलतोय. त्याला कामावरून काढायचं ठरलं. तोवर बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

मंदाताई त्याला पाणी द्यायला गेली. तो हळूच म्हणाला, “ताई, साहेबांना सांगितलं नाही, हसतील. ‘लाल’च्या शेजारी खराडेसाहेबांचं बोट होतं. हिरवं. म्हणून हात थांबला. नाहीतर आज माझी मयत होती.”

मंदाताई खुर्चीत येऊन बसली. एका हातात मोबाईल धरून तिने त्यावर एक रिकामं पान उघडलं, आणि तेच पान संगणकावरही. संगणकावर एक अक्षर उमटवलं. मोबाईलवर, कुणी हात न लावता, तेच अक्षर उगवलं. तिने ते खोडलं. तिथूनही ते गेलं. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या कचेरीत, तिने तेच पुन्हा एकदा करून पाहिलं. नव्या पानांवर एकटीने केलेला सगळा पसारा तिने एकटीने केलेलाच नव्हता; तो सगळ्यांना दिसत होता.

इतक्यात निकमसाहेबांचा निरोप आला की झाल्या प्रकाराची हकिगत विकीवर लिहून टाका, म्हणजे इलाहीचा निकाल लावता येईल.

मंदाताईने पान उघडलं. नोकरी, नाव, एवढ्या वर्षांची इभ्रत, सगळं डोळ्यांपुढे आलं. एक वाक्य लिहिलं की सुटका. तिने लिहिलं: पानावरची माहिती पहिल्यापासून बरोबर होती.

पूर्णविरामाला लागून हिरवी रेघ उभी राहिली. वसंतराव खराडे.

तिने पान मिटून पुन्हा उघडलं. रेघ तिथेच. शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर पाहिलं. तिथेही तीच. ती खालच्या आवाजात म्हणाली, “बोला की काहीतरी.” रेघ लुकलुकत राहिली.

मग तिच्या शेजारी दुसरी रेघ उगवली, निळी. तिच्यावर नाव होतं इलाही मुजावर. मंदाताईने खिडकीतून पाहिलं. बाहेरच्या बाकावर तो सुजलेले डोळे मोबाईलजवळ नेऊन वाचत होता.

एक मेलेला आणि एक मरता मरता वाचलेला, दोघे तिच्या खोट्या वाक्यापाशी उभे होते. तिला स्वतःची अशी लाज वाटली की डोळ्यांतून पाणी आलं.

तिने ते वाक्य एकेक अक्षर करून खोडलं. आणि त्या जागी लिहिलं: नव्या पानावर कसं लिहायचं, मला हे येत नाही. मी शिकायला बसले नाही, नुसती सही केली. चुकीचा मजकूर माझ्या हातून पडला. इलाही खरं बोलतोय.

लिहून होईपर्यंत कचेरीत सगळ्यांनी ते वाचलंही होतं. हिरवी रेघ क्षणभर थांबली आणि विझली. निळी मात्र बराच वेळ तिथेच होती.

इलाही कामावर राहिला. मंदाताईचं लिहायचं काम काढून घेतलं. तिने कुरकुर केली नाही. पुढच्या वेळी प्रशिक्षक आला तेव्हा ती पहिल्या बाकावर बसली आणि इतकं विचारलं की तो बिचारा मेटाकुटीला आला. काही महिन्यांनी काम परत मिळालं. आता ती आधी वेगळ्या कच्च्या पानावर लिहिते, इलाहीला वाचायला देते, मगच खऱ्या पानाला हात लावते.

हिरवी रेघ पुन्हा कधी आली नाही. मंदाताई मात्र चहाला उठण्यापूर्वी रोज थांबते, ओळीच्या शेवटी नजर टाकते, आणि तिथे कुणी नाही याची खात्री करून घेते.

तात्पर्य: न येणारी गोष्ट ‘येते’ म्हणून झाकली, तर तिची शिक्षा आपल्याआधी आपल्यावर विसंबलेल्या माणसाला होते.