महाराजांच्या गुडघ्यांचा काढा

करंजगडच्या यशोधर महाराजांचे गुडघे सुजले. नारोपंत वैद्यांनी गुग्गुळ, सुंठ आणि निर्गुडीचा काढा करून आणला.

"रोज भरल्या पोटी एक वाटी घ्यावा. सूज उतरेल, कळ थांबेल. उपाशी पोटी मात्र घेऊ नये, पोटात आग पडते."

महाराजांनी बोट बुडवून चाटलं आणि वाटी दूर सारली.

"हे आम्ही पिणार नाही. आमच्या वतीनं दुसरा कुणीतरी पिईल."

"पण महाराज, औषध ज्याच्या पोटात जातं..."

"आमची एकादशी कोण करतं?"

"दरबारचे भटजी."

"आणि पुण्य कुणाला?"

वैद्यांनी भटजींकडे पाहिलं. एकादशीच्या दक्षिणेवर भटजींचं घर चालत होतं. त्यांनी वैद्यांवर डोळे वटारले.

"महाराजांना," वैद्य म्हणाले.

"आमच्या नवसाचे दंडवत हवालदार घालतो, देवी पावते आम्हाला. उपासाचं पुण्य वाट चुकत नाही, मग काढ्याचा गुणच कसा चुकेल?"

नाही म्हणावं तर महाराजांचं आजवरचं सगळं पुण्य खोटं ठरतं. हो म्हणावं तर वैद्यकी खोटी ठरते. वैद्यांनी मधली वाट काढली. "निदान पिणाऱ्याचे गुडघे तरी दुखरे असावेत. धडधाकट माणसाला हे औषध सोसायचं नाही."

असा माणूस दाराशीच उभा होता. महाराजांच्या मेण्याचा पुढचा दांडा खांद्यावर घेणारा हैबती भोई. गड चढून चढून त्याचे गुडघे महाराजांच्या गुडघ्यांपेक्षाही फुगले होते. त्याला पुढं बोलावलं.

"आमच्या नावानं पी," महाराज म्हणाले. "देवीच्या जत्रेपर्यंत आमचे गुडघे बरे झाले नाहीत, तर तू आणि हे वैद्य, दोघंही राज्याबाहेर."

हैबतीचा धाकटा भाऊ लिंबाजी मागच्या दांड्याला असे. आईबाप गेल्यावर हैबतीनंच त्याला खांद्यावर खेळवून मोठं केलेलं. हुकूम ऐकून तो उसळला, पण हैबतीनं त्याचं मनगट दाबलं.

"गप ऱ्हा. पिऊन बघू."

"दादा, कडू तू प्यायचं आणि बरं त्यांनी व्हायचं?"

"आजवर दुसरं काय केलंय आपण?"

काढा भरल्या पोटी घ्यायचा, म्हणून हैबतीला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जेवण सुरू झालं. तेही महाराजांच्या नावानंच. वरणभात, वर तुपाची धार, मग नाक दाबून काढा. हैबती वाटी कपाळाला लावायचा, "महाराजांच्या गुडघ्यांसाठी" म्हणायचा आणि घटाघटा प्यायचा. जत्रा जवळ येईतो त्याची सूज उतरली, लंगडणं गेलं.

महाराजांचे गुडघे होते तसेच. उलट बसून बसून जास्तच आखडले.

जत्रेच्या दिवशी पायथ्याच्या देवीचं दर्शन घेऊन महाराज गडावर आले. मेणा टेकला. चोपदारानं रिवाजाप्रमाणं ललकारी दिली, "महाराज गड चढून आले!" महाराज मेण्यातून उतरू गेले आणि कळवळून परत आत बसले.

"हैबत्या, तुझे गुडघे दाखव."

हैबतीनं दाखवले. महाराज लाल झाले.

"आमच्या नावानं प्यायलास आणि गुण स्वतःकडे ठेवलास? ही अफरातफर आहे. याला आणि वैद्यांना राज्याबाहेर घालवा."

वैद्य मटकन खाली बसले. हैबतीनं हात जोडले. शिपाई पुढं आले, तसा लिंबाजी मध्ये घुसला.

"महाराज, दादानं गुण चोरला नाही. जिथं पोचवायचा तिथंच पोचवलाय."

"कुठं?"

"आधी एक सांगा. आत्ता गड कोण चढलं?"

"ऐकलं नाहीस? आम्ही चढलो."

"वाटेत थांबलात?"

महाराजांनी आठवून पाहिलं. "नाही. मागं तर दर वळणाला थांबावं लागायचं. आज मात्र थेट वर आलो."

"आणि चढताना गुडघा दुखला?"

"मेण्यात बसल्यावर कसा दुखेल, मूर्खा?"

"मग काढ्याचा गुण आलाच की," लिंबाजी म्हणाला. "महाराजांना गुडघ्यांच्या दोन जोड्या. चालायची जोडी दादाच्या अंगाला आहे. गेली कैक वर्षं महाराज तिच्यावरच चालतात. दादानं काढा महाराजांच्या नावानं घेतला, तो नीट त्या जोडीला लागला आणि महाराज एका दमात गड चढले. आता राहिली बसायची जोडी. ती महाराजांनी स्वतःकडं ठेवलीय. तिचा काढा ज्याचा त्यानं प्यायला हवा."

भटजी आभाळाकडं बघू लागले.

महाराजांनी आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं, मग हैबतीच्या. त्यांच्या मिशा थरथरल्या. आता फटके पडणार, असं हैबतीला वाटलं, तोच महाराज असे खदाखदा हसले की मेण्याचा पडदा हलला.

"नारोपंत, उठा. वाटी आणा. पण आधी जेवायला वाढा!"

जेवण झालं. महाराजांनी डोळे मिटून काढा प्यायला, तोंड वेडंवाकडं केलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"भोयांनो, दोघांनाही सोन्याचं कडं," बोलता येऊ लागल्यावर ते म्हणाले. "हैबतीचं मुदपाकखान्यातलं जेवणही कायम. आणखी काय हवं, लिंबाजी?"

"काढ्यानं महाराजांची सूज उतरली, की चढ आला तिथं महाराजांनी मेण्यातून उतरावं."

"आणि उतारावर?"

"उतारावर बसा की, महाराज. तेवढं आम्ही तुमच्या वतीनं चालू."