पाय न टेकता

“मग ह्या चढाचं काय लिहिलंयस तू पुस्तकात?” हिरागीरबुवांनी विचारलं.

खिंडीच्या माथ्यावर बुवांची मठी, तिच्यापुढं सदानंद टिपणीस. सायकल झाडाला लावून नुसते उभे.

हे टिपणीस म्हणजे सायकलवरून हिंडायचं आणि हिंडणाऱ्यांसाठी वाटांची पुस्तकं लिहायची, असा माणूस. तीस वर्षं तोच उद्योग. अकरा पुस्तकं. पाणी कुठं, पंक्चरवाला कुठं, मुक्काम कुठं, सगळं बिनचूक. माणूस कष्टाळू, खोटं कशाला बोलू. पण मिजास... ती सायकलीपेक्षा जड.

“वाच की.”

टिपणिसांनी पिशवीतून पुस्तक काढलं. “तांबडखिंड. चढ तीन किलोमीटर. दमानं घेतल्यास पाय न टेकता चढता येतो. लेखक तसाच चढला आहे.”

“चढलास?”

टिपणिसांनी पुस्तक मिटलं.

“लेका, मी इथंच बसलेला असतो. वरच्या वळणाला उतरलास. सायकल हातात धरून म्हशीसारखा फुसफुसत आलास. पाणी मीच दिलं तुला.”

“म्हणून तर आलो, बुवा. मिरजेचा एक माणूस, माझ्याच वयाचा. पुस्तकावर भरवसा ठेवून उतरलाच नाही. छातीत कळ आली. वाचला, पण सायकल सुटली कायमची. आता नवी आवृत्ती छापायला जायचीय.”

“मग खोड ती ओळ.”

“खोडली तर लोक म्हणतील, बाकीचे चढ तरी चढला का हा? अकराच्या अकरा पुस्तकं पाण्यात. नाही खोडली तर... पुढचा मरेल.”

मी बुवांचा चेला, बाजूला चूल फुंकत होतो. मला कोण विचारतंय.

मग टिपणिसांचं तोंड जरा उजळलं.

“बुवा, त्या वळणाला म्हसोबा आहे. त्याच्या पुढून सायकलवर बसून कुणी जात नाही, सगळे उतरून चालतात. मी एवढंच लिहितो, ‘इथं देवाच्या मानासाठी उतरायची रीत आहे.’ माणसंही वाचतील, माझा शब्दही राहील.”

बुवा हसले. खोकला येईस्तोवर हसले. मग काठी घेऊन उठले आणि टिपणिसांना वळणावर म्हसोबापुढं नेऊन उभं केलं. मीही मागोमाग. नखानं दगडावरचा शेंदूर खरवडला. खाली गुळगुळीत काळा गोटा.

“असला दगड ह्या डोंगरात कुठं दिसला तुला?”

“नाही. इथं सगळा जांभा. हा तर नदीतला वाटतो.”

“खालनं आणलाय. पाटलानं.”

“नवस होता?”

बुवांनी शेंदराचं बोट धोतराला पुसलं.

“चढ आधीचा. मग पाटलानं गावातली पहिली सायकल घेतली. देव त्याच्यानंतरचा.”